वर्गातील दुसरे माणूस

आपल्या वाङ्मयात शाळामास्तर पुष्कळ भेटतात. परंतु जो भेटतो तो बहुधा एकटा. वळकटी घेऊन तो आडगावी जातो, एखाद्या पडक्या जागेत दहा-वीस पोरे गोळा करतो, गावाशी झुंजतो, आणि कथेच्या अखेरीस एक तर यशस्वी होतो, नाही तर हताश होऊन निघून जातो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) तरुण मास्तर हा ह्या परंपरेतला सर्वांत जिवंत पुरुष. त्याच्या शाळेत मुले आली ती म्हाताऱ्या कारभाऱ्याने मनावर घेतले म्हणून. कारभाऱ्याचा शब्द नसता तर मास्तराला भिंतींनाच बाराखडी शिकवावी लागली असती. तरीही आपण वाचक कारभाऱ्याची गणना गावात करतो, शाळेत करीत नाही. वर्ग म्हणजे एक खुर्ची, एक फळा आणि एक शिकविणारा, ही समजूत लेखकांच्या आणि वाचकांच्याही मनांत इतकी मुरलेली आहे की, त्याच खोलीत दुसरे एखादे मोठे माणूस मुलांसाठी राबत असले तरी ते आपल्या दृष्टीस पडत नाही.

हा प्रश्न आता केवळ वाङ्मयाचा राहिलेला नाही. अपंग मुलांस सामान्य शाळेतच शिकवावे असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविले. त्यासाठी केंद्र सरकारची योजना १९७४ पासून सुरू झाली. २००९ च्या कायद्याने शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क ठरला. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची गणना करून ह्या मुलांना इतरांच्या बरोबरीने, एकाच वर्गात शिकविण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल ऐकू न येणारे, एक मतिमंद, एक चाकाच्या खुर्चीवरचे असेल, तर एकट्या शिक्षकाच्याने ते होणे नाही. म्हणून विशेष शिक्षक आला, खुणांच्या भाषेचा दुभाषी आला, लेखनिक आला, मुलाला उचलून ठेवणारी मदतनीस आली. दुसरे माणूस वर्गात आले. किती मुलांमागे असे किती माणूस असावे हे कायदा सांगू शकतो; सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक वर्गांत दहा मुलांमागे एक व वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितलेही. परंतु ही दोन माणसे एका छपराखाली एकमेकांशी कशी वागतील, कोण कोणाला काय विचारील, मूल कोणाचे समजले जाईल, हे कायद्याच्या कलमांत लिहिता येत नाही. ते पत्रांत, आठवणींत, आत्मचरित्रांत शोधावे लागते. तसे काही जुने कागद येथे वाचून पाहावयाचे आहेत.

पहिला कागद नगरच्या पाण्यावर वाढलेला आहे असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सिंथिया फॅरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली, १८३९ पासून नगरास राहिली आणि १८६२ साली येथेच वारली. तिने चालविलेली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि त्या दर्शनाचा आपल्या मनावर झालेला परिणाम त्यांनी पुढे स्वतःच सांगितला. सावित्रीबाईंच्या अध्यापनशिक्षणाच्या वृत्तांतातही ह्या फॅरारबाईंच्या संस्थेचे नाव येते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि पुढील काही वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. ज्यांना कोणीही आपल्या ओटीवर चढू देत नव्हते त्यांच्यासाठी हे वर्ग होते. आज ‘समावेशक’ हा शब्द आपण ज्या अर्थी वापरतो, त्याचा आरंभ मराठी मुलखात शोधावयाचा झाल्यास तो येथेच सापडेल.

ह्या शाळांबद्दल आपणांजवळ काय लिखाण आहे पाहा. चालकाचे ग्रंथ आहेत. शिक्षिकेचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा आहे. विद्यार्थिनीचा निबंधही आहे: मुक्ता साळवे हिचे मांग-महारांच्या दुःखाविषयीचे लिखाण १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापले गेले, आणि हे पत्र १८४२ साली नगरासच निघाले होते. चालक बोलला, बाई बोलल्या, मुलगी बोलली. त्याच शाळेत शिकविणाऱ्या दुसऱ्या बाईचे, फातिमा शेख हिचे, मात्र एक पानही आपल्याजवळ नाही. तिच्याविषयी समकालीन शब्द म्हणून जे हाती लागते ते सावित्रीबाईंच्या एका पत्रातील ओझरते वाक्य.

हे पत्र १८५६ च्या ऑक्टोबरातले. सावित्रीबाई आजारी होऊन माहेरी, नायगावास, गेल्या होत्या आणि तेथून त्यांनी जोतीरावांस लिहिले. पत्राचा मोठा भाग भावाशी झालेल्या वादाने व्यापलेला आहे. खालच्या मानलेल्या लोकांसाठी हे दांपत्य जे करीत होते ते त्या भावास पसंत नव्हते. त्याला बहिणीने दिलेले उत्तर हे एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याच्या उत्तम नमुन्यांत मोडावे अशा ठाशीव युक्तिवादाचे आहे. आणि ह्या सगळ्याच्या आधी, प्रकृतीचे वर्तमान देता देता, त्या लिहून जातात की आपण नसल्यामुळे फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. तेवढेच.

ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि टीकाकाराने त्यांपैकी एकाची निवड केली पाहिजे. जी कुरकुर करीत नाही तिच्यावरच काम लादले जाते, हा आपल्या घराघरांतला जुना न्याय. त्या अर्थाने वाचल्यास हे वाक्य मदतनीस बाईविषयी मालकिणीने काढलेल्या प्रशस्तीसारखे वाटेल. मला तो अर्थ पटत नाही. एक तर ह्या पत्रात शाळेत काय चालवावे, काय थांबवावे, ह्याविषयी फातिमेसाठी एकही सूचना नाही. ज्याच्यावर आपण देखरेख करतो त्याला सूचना पाठविल्यावाचून आपल्याला राहवत नाही. सूचना नसणे हे विश्वासाचे लक्षण आहे. दुसरे असे की, येथे काळजी शाळेची केलेली नाही, माणसाची केलेली आहे. शाळा नीट चालत असेल हे गृहीतच आहे; प्रश्न आहे तो तिच्या अंगावर पडलेल्या ओझ्याचा. आजाराच्या अंथरुणावरून ज्या बाईला आपल्या जोडीदारणीचे श्रम आठवतात, तिच्या वर्गात दुसरे माणूस कोणत्या जागी उभे असेल ह्याची कल्पना येते.

मध्यंतरी, २०२५ च्या आरंभी, फातिमा शेख हे पात्रच कल्पित असल्याचा गलबला वर्तमानपत्रांत उठला होता. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १९८८ सालीच छापलेले होते. ते उघडून पाहण्याची तसदी घेतली असती तर तो वाद एका दिवसात मिटला असता. मात्र ह्या वादाने एक गोष्ट उघडी पडली. ज्याची नोंद एका वाक्यापुरती झाली त्याचे अस्तित्व पुसून टाकणे फार सोपे असते.

दुसरा कागद परक्या देशाचा, पण आपल्याकडील सुशिक्षित घरांत चांगला परिचित असलेला. हेलन केलरचे आत्मचरित्र १९०३ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे त्यातील एकच प्रसंग सर्वांना पाठ असतो: पंपाखाली धरलेला हात, त्यावर पडणारी पाण्याची धार आणि दुसऱ्या तळहातावर बाईंनी लिहिलेला शब्द. शालेय पुस्तके, वक्तृत्वस्पर्धा, शिक्षकदिनाची भाषणे, सगळी त्या पंपाशी येऊन थांबतात. हा प्रसंग १८८७ चा, आणि त्यात दोनच माणसे आहेत, एक मूल व एक गुरू. म्हणूनच तो आपल्याला आवडतो. परंतु ह्या पुस्तकाचा खरा विलक्षण भाग पुढे आहे, जेथे तिसरे माणूस येते. म्हणजे जेथे हेलन सामान्य शाळेत जाते.

१८९६ साली ती केंब्रिजच्या मुलींच्या शाळेत दाखल झाली. ऐकू येणाऱ्या, दिसणाऱ्या मुलींच्या वर्गात ती बसे, आणि शेजारी अॅन सलिव्हन बसून शिक्षक बोलतील ते अक्षर अक्षर करून तिच्या हातावर लिही. ज्याला आज आपण वर्गातील साहाय्यक म्हणतो, त्याचे जगाच्या वाङ्मयातील हे पहिले तपशीलवार चित्र असावे. हेलन ह्या ठिकाणी एक लहानशी नोंद करते, आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकाची किल्ली त्या नोंदीत आहे. तिला थेट शिकविता यावे म्हणून शाळेतील दोघांनीच बोटांची लिपी शिकून घेतली: एक मुख्याध्यापक गिल्मन आणि दुसऱ्या जर्मन शिकविणाऱ्या बाई. त्या जर्मन बाईंची बोटे संथ चालत आणि चुकत. तरीही आठवड्यातून दोनदा त्या हेलनला स्वतः शिकवीत आणि तेवढ्या वेळात सलिव्हनबाईंना विश्रांती मिळे. बाकीच्या शिक्षकांचा स्वभाव वाईट होता असे नाही. ते फळ्याकडे तोंड करून आपला पाठ सांगत आणि त्यांच्या दृष्टीने हेलन ही सलिव्हनबाईंची विद्यार्थिनी होती. जर्मन बाईंच्या दृष्टीने ती जर्मन शिकणारी विद्यार्थिनी होती. फरक केवढा आहे पाहा.

दुसऱ्या वर्षी वर्ग मोठे झाले, गणित आले, ठशांची पुस्तके वेळेवर आली नाहीत, आणि शिक्षकांना स्वतंत्र लक्ष देणे जमेना. हेलन लिहिते की, अकरा वर्षांत प्रथमच आपल्या बाईंचा हात कामाला पुरा पडेनासा झाला. एकाच हातावर सगळ्या शाळेचा भार टाकला तर दुसरे काय होणार? पुढे मुख्याध्यापक व सलिव्हनबाई यांचे मतभेद झाले. मुलीवर ताण पडतो म्हणून अभ्यासक्रम लांबवावा असे एकाचे म्हणणे, ते दुसरीला अमान्य. आणि अखेर आईने मुलीला शाळेतून काढून घेतले. आत्मचरित्रात हेलनने हे फार संयमाने सांगितले आहे. ज्याने तिची लिपी शिकण्याचे कष्ट घेतले त्याच मुख्याध्यापकाशी हे घडले ह्यात मला मोठी शोकांतिका दिसते. दोघांनाही मुलीचे भलेच हवे होते. परंतु ‘हिला काय झेपेल हे मी ठरवीन’ ह्या अधिकाराची वाटणी त्यांनी आधी करून घेतलेली नव्हती.

महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा प्रसंग तर आजच्या पालकांनी मुद्दाम वाचावा. तेथे सलिव्हनबाईंना प्रश्नपत्रिका वाचून दाखविण्याची मनाई झाली. साहाय्यकच उत्तरे सांगत असेल, हा संशय. त्याऐवजी परक्या माणसाने ठशांच्या लिपीत प्रश्नपत्रिका उतरवून दिल्या. पण बीजगणिताची चिन्हे ज्या पद्धतीने उतरविली ती पद्धत हेलनने शिकलेलीच नव्हती. परीक्षेच्या दोनच दिवस आधी ही गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे लेखनिक परीक्षार्थीहून खालच्या पायरीचा असावा हा जो दंडक चालत आला आहे, त्याच्या मुळाशी हाच संशय आहे. संशय सर्वस्वी निराधार नाही हे मान्य केले, तरी ज्या मदतीवाचून मूल वर्षभर शिकू शकत नाही त्याच मदतीला परीक्षेच्या दिवशी चोर समजावयाचे, ह्यात काही तरी गफलत आहे.

ह्या पुस्तकाच्या रचनेकडेही लक्ष वेधावेसे वाटते. पहिल्या भागात हेलनचे कथन, दुसऱ्यात तिची पत्रे, आणि तिसऱ्यात संपादक जॉन मेसी यांच्या टिपणांबरोबर सलिव्हनबाईंची पत्रे दिलेली आहेत. विद्यार्थिनीच्या कथनात बाई म्हणजे साक्षात प्रकाश. बाईंच्या पत्रांत त्याच दिवसांतल्या मारामाऱ्या, जेवणाच्या टेबलावरची रडारड, घरच्या लाडांची अडचण, आणि स्वतःच्या अपुऱ्या ज्ञानाची टोचणी. एकाच खोलीचे हे दोन वृत्तांत शेजारी ठेवल्यामुळेच पुस्तक गोडगोड होण्यापासून वाचले. साहाय्यकाला स्वतःचा आवाज मिळाला की तो देवदूत राहत नाही, माणूस होतो.

नेमके हेच मराठीत अजून झालेले नाही. शिक्षकदिन आला की विशेष मुलांच्या ‘ताईं’वर लेख येतात. त्यांत माया असते, त्याग असतो, ‘सावली’, ‘पणती’, ‘चंदनाचे झिजणे’ हे सर्व अलंकार असतात. नसते ते काम. मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेताना हात नेमका केव्हा सोडावयाचा, हा जो ह्या धंद्यातला सर्वांत अवघड निर्णय, त्याविषयी एक ओळ सापडत नाही. परदेशांत ह्या गोष्टीचा बारकाईने शोध घेतला गेला आहे. अमेरिकेत जियान्ग्रेको व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली वर्गांतून बसून पाहिले, तेव्हा असे दिसले की, साहाय्यक मुलाला इतका चिकटून बसतो की इतर मुले जवळ येत नाहीत, वर्गशिक्षक त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही, आणि मूल स्वतः हालचाल करण्याचे सोडून देते. इंग्लंडात २००३ पासून काही वर्षे चाललेल्या एका मोठ्या पाहणीत तर असे आढळले की, ज्या मुलांना साहाय्यकाची मदत सर्वांत अधिक त्यांची प्रगती सारख्याच स्थितीतील इतर मुलांहून कमी. ह्याचा अर्थ मदत वाईट असा घ्यावयाचा नाही. त्या संशोधकांनीच दोष साहाय्यकांवर ठेवला नाही. सर्वांत अवघड मूल सर्वांत कमी तयारीच्या माणसाकडे सोपवून शिक्षक मोकळा होतो, आणि त्या दोघांना एकत्र बसून उद्याच्या पाठाचा विचार करण्यास वेळच दिलेला नसतो, हा त्यांचा निष्कर्ष. आपल्या गौरवलेखांत ज्या मायेची स्तुती असते, तीच माया मुलाभोवती भिंत होऊ शकते, हे सांगणारा लेखक मराठीला हवा आहे.

आमच्या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून माझे थोडेफार हिंडणे होते. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातील शाळा आणि जामखेडच्या माळावरील शाळा ह्यांत दोन देशांइतके अंतर. येथे विशेष शिक्षक एका शाळेचा नसतो. केंद्रातील अनेक शाळांना तो आळीपाळीने भेट देतो. म्हणजे दुसरे माणूस येथे रोज वर्गात नसतेच. ते पाहुण्यासारखे येते. एका शाळेत अशी बाई आलेली पाहताच वर्गशिक्षक सौजन्याने म्हणाले, “या मॅडम, तुमचा विद्यार्थी आज आला आहे बरं का!” बाई हसून म्हणाल्या, “सर, हजेरी तर त्याची तुमच्याच पटावर आहे.” दोघेही सुस्वभावी, दोघांनीही ते थट्टेवारी नेले, आणि मुलगा दप्तर घेऊन व्हरांड्यात गेला. तो दाराजवळ बसत असे. बाहेर नेण्यास सोयीचे म्हणून. ‘तुमचा’ ह्या एका सर्वनामात केंब्रिजच्या शाळेतील सगळ्या शिक्षकांचा इतिहास आला. पाथर्डी-शेवगावकडे आणखी एक प्रकार. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर असे मूलही जाते. विशेष शिक्षकाची फाईल येथे राहते, मूल कुठल्या तरी कारखान्याच्या कोप्यांवर, आणि फाईलीत काय लिहिले आहे हे तिथल्या शाळेला कळण्याचा मार्ग बहुधा नसतो.

ह्या बाईंसारखे शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर काम करीत आले. राज्य सरकारने २०२४ साली केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला ही स्वागतार्ह गोष्ट आहे. उद्या नोकरी राहील की नाही ह्याची ज्याला खात्री नाही, त्याने कायम शिक्षकाला ‘तुमचा पाठ जरा बदला’ असे सांगावे ही अपेक्षाच अवास्तव होती. बरोबरीला वेतनाचाही पाया लागतो. अंगणवाडीत पाहा: एका खोलीत दोन बायका, एक सेविका व एक मदतनीस. केंद्राच्या हिश्श्याचे मानधन २०१८ साली वाढले तेव्हा एकीला ४,५०० रुपये आणि दुसरीला बरोबर निम्मे, २,२५० रुपये ठरले. मुले मात्र दोघींनाही नात्याच्याच नावाने हाक मारतात, आणि शाळेतील शिपाईबाई तर साऱ्या महाराष्ट्रात ‘मावशी’. माय मरो पण मावशी जगो असे म्हणणारी आपली भाषा. पण ह्या नात्याच्या शब्दांनी हुद्द्यातले अंतर झाकले जाते, मिटत नाही. फॅरारबाईंना नगरात ‘बाई’ म्हणत असतील. त्यांच्या शाळेत पाणी भरणारीला काय म्हणत असतील?

आपल्याकडे दोन माणसांनी मिळून चालविलेल्या वर्गाचे लिखित उदाहरण म्हणून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे नाव घ्यावे लागेल. बोर्डीस १९४५ साली आरंभ झाला, १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम चालले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: त्या स्वतःला दुसऱ्या क्रमांकावर उभे करून लिहितात, आणि तरीही प्रत्येक पानावर निर्णय घेताना दिसतात. ह्यात विनय आहेच, पण केवळ विनय नाही. वर्गात मुलापुढे बसणारे माणूस कधीही नुसते हुकमाचे ताबेदार असू शकत नाही, ही वस्तुस्थिती लेखणीतून उतरली आहे. भाषा साधी, वाक्ये लहान, पुष्कळदा रूक्षच. अलंकारिक गौरवलेखांच्या ढिगापेक्षा ती रूक्षता मला अधिक मोलाची वाटते.

विशेष शिक्षकांनी भेटीची दैनंदिनी ठेवावयाची असते. मुलाचे नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, आज काय घेतले, वर्गशिक्षकाशी काय बोलणे झाले. शेवटचा रकाना बहुतेक वेळा ‘मार्गदर्शन केले’ ह्या दोन शब्दांनी भरलेला असतो, कारण वर पाठवावयाच्या कागदावर ह्याहून अधिक लिहिण्याची सोय नाही. ते बोलणे खरोखर काय झाले, कोणी कोणाचे ऐकले, कोणी तोंड फिरविले, आणि कोणत्या दिवशी वर्गशिक्षकाने ‘तुमचा’ न म्हणता ‘आपला’ म्हटले, हे ज्या बाईंना ठाऊक आहे त्यांनी ते आता स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. आमच्या मासिकांच्या संपादकांनी ती वही मागवून घ्यावी. आणि छापताना तिच्यातील ओबडधोबड वाक्ये दुरुस्त करू नयेत.